जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी

घरातली जुनी वस्तू टाकायची की ठेवायची, हा प्रश्न शेवटी गृहिणीपुढेच येतो. मिक्सर असो, शिवणयंत्र असो, अजून चार वर्षं चालेल का, हे तीच पाहते. पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की, 'त्यातलं आपल्याला काय कळतं?' म्हणून आपण बाजूला होतो. निर्णय मुलं घेतात नाहीतर दुकानदार. पैसे मात्र घरखर्चातून जातात!

सध्या हा प्रश्न बऱ्याच घरांत उभा आहे. २०१५ साली आलेल्या 'विंडोज १०' ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना आणखी एका वर्षाची मुदत देऊ केली, एवढंच. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या की बँकेचे व्यवहार त्यावर करणं म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड दागिने ठेवण्यासारखं. 'विंडोज ११' घ्यावी, तर पुष्कळशा जुन्या यंत्रांत तिला हवी ती सुरक्षा-चिप किंवा प्रोसेसर नसतो. मग दुकानदार म्हणतो, "ताई, नवीनच घ्या."

पण थांबा. जुनी झाली आहे ती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राकडून काम करून घेणारी व्यवस्था. यंत्र धडधाकट असेल, तर व्यवस्था बदलता येते, आणि तीही पैसे न देता.

'फुकटात मिळतंय म्हणजे काहीतरी खोट असणार,' असं तुमच्या मनात आलं ना? साहजिक आहे. पण ही गोष्ट वेगळी आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहायला घेतलं आणि त्याची कृती सर्वांना खुली केली. एखादीने लोणच्याची कृती गावभर वाटावी आणि दहाजणींनी तीत सुधारणा कराव्यात, तसं हे वाढत गेलं. आज मोठमोठ्या कंपन्यांची कामंही त्यावर चालतात. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं तर वर्षानुवर्षं अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर कॉम्प्युटर शिकत आली आहेत.

लिनक्सचे प्रकार मात्र शेकड्यांनी आहेत. साडीच्या दुकानात गठ्ठे उलगडत बसावं तसं करू नका. नवशिक्या घरासाठी 'लिनक्स मिंट' हे नाव लक्षात ठेवा. २००६ पासून ती चालू आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, म्हणजे विंडोजची सवय असलेला हात अडखळत नाही. इंटरनेटसाठी फायरफॉक्स आणि पत्रं, हिशेब लिहायला लिब्रेऑफिस सोबतच येतात. यंत्रात ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर तिचा 'सिनॅमन' प्रकार घ्या. त्याहून कमी असेल तर हलका 'एक्सएफसीई' बरा.

सगळ्यात मोठी सोय पुढेच आहे. ही सिस्टीम आधी चाखून पाहता येते! मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'एचर' नावाच्या मोफत प्रोग्रॅमने चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, बरं का. मग कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. हे काम कॉलेजातला मुलगा किंवा भाचीसुद्धा करून देईल. पडद्यावरचं 'इन्स्टॉल' चं चिन्ह दाबेपर्यंत तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. पेनड्राइव्हमुळे गती थोडी मंद वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

चाखताना एवढं तपासा: वायफाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर छापतो का? बँकेचं संकेतस्थळ नीट उघडतं का? कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून चार ओळी लिहून पाहा. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार, दोन्ही पद्धती तिथे आहेत.

आता अडचणीही सांगायला हव्यात. यजमान 'टॅली' वर दुकानाचे हिशेब करत असतील, किंवा ऑफिसच्या कामाला खरं मायक्रोसॉफ्ट ऑफिसच लागत असेल, तर हे प्रोग्रॅम मिंटवर सरळ चालत नाहीत. वर्डची फाइल लिब्रेऑफिसात उघडते, पण तिची मांडणी कधीकधी हलते. अशा घराने आधी नीट विचार करावा. ज्या घरात पत्रव्यवहार, बँक, वीजबिल, मुलांचा अभ्यास, फोटो आणि गाणी एवढंच काम आहे, तिथे काही अडणार नाही.

मिंट कायमची बसवायची ठरली, तर एक गोष्ट विसरू नका. लग्नाचे, बारशाचे फोटो, पॉलिसीचे कागद, मुलांची प्रमाणपत्रं आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती उघडतात का ते स्वतः पाहा. बसवताना 'डिस्क पुसा' असा पर्याय समोर येतो. तो निवडला की जुनं सगळं गेलं. नंतर पट्टीवर ढालीचं छोटं चिन्ह दिसेल. दुरुस्त्या आल्या की ते खूण करतं. आठवड्यातून एकदा तिकडे नजर टाकली की पुरे.

एका दुपारची ही परीक्षा आहे. यंत्र उत्तीर्ण झालं तर नव्याचे पैसे वाचले. नापास झालं, तर निदान दुकानात जाताना आपल्याला काय हवं आणि का हवं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मग दुकानदाराने काहीही गळ्यात मारायचं म्हटलं, तरी ते सोपं जाणार नाही!