प्रतिसादकाल आणि उपयोगकर्त्याचे समाधान

भोसरीच्या एखाद्या कारखान्यातून सुटे भाग चाकणच्या मोटार-कारखान्याकडे पाठवावयाचे, तर केवळ ट्रक भरून भागत नाही. राज्यांतर्गत वाहतुकीत मालाची किंमत १ लाख रुपयांहून अधिक असली (आंतरराज्य वाहतुकीत ५० हजारांहून), तर शासकीय पोर्टलवर ई-वे बिल तयार करावे लागते. मोटार-कारखाने भागांचा साठा बेताचाच ठेवतात व ठरल्या वेळी येणाऱ्या ट्रकांवर विसंबून असतात. त्यामुळे बिलाचा क्रमांक पडद्यावर उमटेपर्यंतचा अवधी डिस्पॅच-कारकुनाच्या दृष्टीने फाटकावरील खोळंबाच होय. अशा प्रणालीचा प्रतिसादकाल ‘चांगला’ कोणत्या अर्थाने म्हणावयाचा?

प्रथम सुचते ती सरासरी. समजा, १०० विनंत्यांपैकी ९० विनंत्यांना प्रत्येकी १ सेकंद लागला आणि १० विनंत्यांना ३० सेकंद. सरासरी ३.९ सेकंद येते, वस्तुतः ३.९ सेकंद कोणीच थांबलेले नाही.

ही अडचण टाळण्यासाठी पीटर सेव्हसिक यांच्या पुढाकाराने २००४ साली स्थापन झालेल्या संघाने ‘ॲपडेक्स’ हा निर्देशांक रूढ केला. त्यात आधी एक कालमर्यादा ठरवितात. तिला ‘ट’ म्हणू. ‘ट’च्या आत उत्तर मिळालेले ते समाधानी, ‘ट’ ते ‘४ट’ थांबलेले ते सोसणारे, आणि त्यापलीकडचे त्रस्त. समाधानींची संख्या अधिक सोसणाऱ्यांची निम्मी संख्या, भागिले एकूण विनंत्या, हा निर्देशांक. तो ० ते १ यांच्या दरम्यान असतो. ‘ट’ २ सेकंद धरल्यास ६० समाधानी, ३० सोसणारे व १० त्रस्त यांचा निर्देशांक ०.७५ येतो.

कृती सोपी आहे. किंबहुना जरुरीपेक्षा अधिक सोपी आहे. वरील ९० व १० चे उदाहरण घेतल्यास ०.९० मिळतात, आणि प्रचलित श्रेणीनुसार ही प्रणाली ‘चांगली’ ठरते. आता ८० विनंत्यांना १ सेकंद व २० विनंत्यांना ७ सेकंद लागले असे समजा. निर्देशांक पुन्हा ०.९०! पहिल्या प्रणालीत दहा जण त्रस्त आहेत, दुसरीत एकही नाही. यास्तव निर्देशांकाबरोबर तिन्ही वर्गांच्या संख्या देणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न ‘ट’ ठरवावयाचा कोणी? रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली दाखविले की, माणूस व यंत्र यांचा संवाद अखंड राहण्यास सुमारे २ सेकंदांत उत्तर यावे लागते, तथापि सह्य विलंब कामागणिक बदलतो. महिन्याचा अहवाल मागणारा लेखापाल जितका थांबेल, तितका वाहन-क्रमांक भरणारा कारकून थांबणार नाही. दोहोंना एकच ‘ट’ लावणे म्हणजे त्यांच्या समाधानाविषयी काहीच न विचारणे होय. त्यातून ‘ट’ वाढविला की, प्रणाली तसूभरही न सुधारता निर्देशांक वाढतो. म्हणून ज्याचे काम अडते, त्याच्या कामावरून ही मर्यादा ठरावी, प्रणाली चालविणाऱ्याच्या सोयीने नव्हे.

तिसरी बाब मोजमापाच्या जागेची. ई-वे बिलाची सक्ती प्रथम १ फेब्रुवारी २०१८ पासून व्हावयाची होती. त्या दिवशी पोर्टलवरून बिले निघण्यात तांत्रिक अडचणी आल्या, सक्ती लांबणीवर पडली आणि आंतरराज्य वाहतुकीसाठी ती १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली. अशा प्रसंगी उत्तर न मिळालेला कारकून तीच कळ पुनःपुन्हा दाबतो. प्रत्येक दाबणे नवी विनंती ठरते आणि ताण आणखी वाढतो. निर्देशांक मात्र माणसे मोजीत नाही, विनंत्या मोजतो. त्रुटीचा संदेश घेऊन परतलेली विनंती कितीही त्वरेने परतली तरी ती त्रस्तांत धरतात, हे ठीकच; परंतु जी विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, तिची नोंद सर्व्हरच्या दप्तरात कोठून असणार? ती सापडते फक्त भोसरीच्या त्या टेबलावरील ब्राउझरमध्ये, आणि तेथे मोजणी ठेवली असेल तरच.