पाठांतील हलतें चित्र

लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजीं भूकंप झाला. त्याचा हादरा दूरदूरच्या गांवांस जाणवला. तर मग किल्लारीची माती तेथवर चालत गेली काय? नाहीं, पुढें गेला तो केवळ तरंग. हें नुसत्या शब्दांनीं पटणें कठीण. संगणकावरील पाठांत मात्र त्याचें हलतें चित्र बसवितां येतें. पाठाच्या पानांत एक चौकट राखून तींत चित्राचा इंटरनेटवरील पत्ता लिहिला, म्हणजे चित्र तेथेंच चालूं लागतें. अमेरिकेंतील कोलोराडो विद्यापीठांत २००२ सालीं निघालेल्या ‘फेट’ उपक्रमाचें दोरीवरील तरंगाचें चित्र विनामूल्य मिळतें. विद्यार्थ्यानें दोरीचें टोक हालवावें. तरंग पुढें धांवतो, दोरीचा प्रत्येक मणी मात्र जागींच वरखालीं होतो.

पूर्वीं अशीं चित्रें ‘फ्लॅश’मध्यें करीत, त्याचा आधार २०२० अखेर थांबला व कित्येक पाठ बंद पडले. म्हणून शिक्षकांनीं ‘एचटीएमएल’ या खुल्या पद्धतीचें चित्र निवडावें. आणि नांदेड-लातुरांतील ज्या खेड्यांत इंटरनेट दुबळें, तेथें तें आधींच उतरवून ठेवावें.

पालकांस आम्ही इतकेंच सुचवितों: मूल पडद्यावर दोरी हालवितांना दिसल्यास रागावूं नये, त्यापूर्वीं वहींत काय अनुमान लिहिलें, तें मात्र अवश्य विचारावें.