हाताला कळणारा कॅमेरा

कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाकडे जरा वेळ पाहत राहिलं, की एक गोष्ट ध्यानात येते. त्याची नजर समोरच्या पडद्यावरून हलत नाही. रस्त्यावरची दुचाकी सिग्नल ओलांडून डावीकडे वळते, तिच्यामागोमाग कॅमेरा वळतो, जवळ जातो, नंबरप्लेटवर थांबतो. हे सगळं चाललेलं असताना त्या माणसाचा हात टेबलावरच्या एका दांड्यावर असतो आणि त्या हाताकडे तो एकदाही बघत नाही.

हा दांडा म्हणजे जॉयस्टिक. पुढे-मागे ढकलला की कॅमेरा खाली-वर होतो, आडवा ढकलला की डावी-उजवीकडे फिरतो आणि टोकावरची मूठ पिळली की झूम होतो. किती ढकलला यावर वेग ठरतो. जुन्या दांड्यांत कोन मोजायला फिरते रोध असत. ते घासून झिजत आणि मग दांडा सोडल्यावरही कॅमेरा हळूहळू सरकत राही. चांगल्या दांड्यांत आता चुंबक आणि हॉल संवेदक असतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक आणि संवेदक एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळे तिथे झिजण्यासारखं काही उरत नाही.

दांड्याकडून कॅमेऱ्याकडे जातं काय? पेल्को या अमेरिकी कंपनीची ‘पेल्को-डी’ ही आज्ञापद्धत या धंद्यात सर्वदूर पसरली. तिची आज्ञा अवघ्या सात बाइटची. पहिला बाइट सुरुवातीची खूण, दुसरा कॅमेऱ्याचा क्रमांक, पुढचे दोन काय करायचं ते सांगणारे, त्यापुढचे दोन आडव्या आणि उभ्या वेगाचे, शेवटचा पडताळणीचा. ‘एफएफ ०१ ०० ०२ २० ०० २३’ याचा अर्थ, पहिल्या कॅमेऱ्या, मध्यम वेगाने उजवीकडे वळ. आकडे सोळाच्या पायावरचे आहेत आणि मधल्या पाच बाइटांची बेरीज शेवटच्या २३ शी जुळते. जुळली नाही, तर कॅमेरा ती आज्ञा मानत नाही. सेकंदाला २४०० बिट या संथ गतीनेही हा निरोप सेकंदाच्या साधारण चौतिसाव्या भागात पोचतो. आरएस-४८५ पद्धतीच्या दोन तारांवरून तो १२०० मीटरपर्यंत जाऊ शकतो.

यात एक खाच मात्र आहे. ‘वळ’ म्हटल्यावर कॅमेरा ‘थांब’ ऐकू येईपर्यंत वळतच राहतो. दांड्यातली स्प्रिंग त्याला मध्यावर आणते, त्याच क्षणी थांबण्याची आज्ञा सुटते. ती वाटेत हरवली, तर कॅमेरा भलतीकडेच पाहू लागतो. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ऑनव्हिफ या मानकात हलण्याच्या आज्ञेसोबत मुदतही देता येते. मुदत संपली की हालचाल आपोआप थांबते.

झूमचं गणित आणखी नाजूक. तीसपट झूमवर कॅमेऱ्याला दिसणारी रुंदी जेमतेम दोन अंशांची उरते. त्या वेळी तो सेकंदाला ६० अंश फिरला, तर अख्खं दृश्य सेकंदाच्या तिसाव्या भागात निसटून जातं. म्हणूनच चांगल्या यंत्रणेत झूम वाढला की वळण्याचा वेग आपोआप कमी होतो. नेटवर्कवरून येणारं चित्र थोडं उशिराच पोचतं. अशा वेळी दांड्यावरचा हात संयमी लागतो, नाहीतर ऑपरेटर दर वेळी लक्ष्याच्या पुढे जातो आणि मग मागे येत बसतो.

टचस्क्रीनचं बळ वेगळ्याच जागी आहे. शहराच्या नकाशावर चौक दिसतो, बोट टेकवलं की त्या चौकाचा कॅमेरा समोर येतो. चित्रात बोटाने चौकट आखली की कॅमेरा वळून तेवढ्याच भागावर झूम करतो. शेकडो कॅमेरे असले, तर क्रमांक पाठ करून कळपट्टीवर दाबत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. मुंबईच्या शहर देखरेख प्रकल्पात चार हजारांहून अधिक कॅमेरे आहेत. तिथे आधी हवा तो कॅमेरा सापडायला हवा, वळवणं त्यानंतरचं.

पण काचेला ना कड असते, ना मध्य. बोट घसरलं तर हाताला कळत नाही, ते बघावं लागतं. बघायला मान खाली गेली, की दुचाकी गेलीच. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकी विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि १० नौसैनिक दगावले. टचस्क्रीनवर सुकाणू आणि इंजिनाचं नियंत्रण एका जागेवरून दुसरीकडे सोपवताना झालेला गोंधळ तपासात पुढे आला. त्यानंतर त्या नौदलाने विनाशिकांवर पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. जहाज आणि कॅमेरा यांची बरोबरी होत नाही हे खरं, पण चालत्या गोष्टीवर नजर ठेवून काम करणारा माणूस दोन्हीकडे तोच.

यावरचं शहाणपण फार जुनं आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत बेंट स्टुम्पे यांनी १९७२-७३ च्या सुमारास एका नव्या कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी स्पर्शपडदा घडवला. त्याच कक्षासाठी त्यांनी फिरवायचं एक बटणही केलं. निवडायचं ते बोटाने, कमी-जास्त करायचं ते मुठीने. कॅमेऱ्याच्या टेबलावरही नेमकं हेच हवं. शोधायला काच आणि पाठलागाला दांडा.

सोसायटीसाठी, कारखान्यासाठी किंवा नगरपालिकेसाठी यंत्रणा घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सलवर तासभर घासाघीस होते आणि नियंत्रकाला कोणी हातही लावून बघत नाही. खरेदीआधी रात्रपाळीच्या ऑपरेटरला त्या खुर्चीत बसवा. रस्त्यावरून जाणारी एखादी दुचाकी त्याला पूर्ण झूमवर शेवटपर्यंत धरून ठेवायला सांगा. तो काय म्हणतो ते ऐका आणि मगच सही करा.