करार आणि वाट

अरब राष्ट्रांची भाषा एक, सरहद्दी एकमेकींस लागून. तरीही त्यांचा परस्परांशी होणारा व्यापार हा त्यांच्या एकूण व्यापाराचा लहानसाच भाग आहे. बृहद् अरब मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारान्वये १९९८ पासून सभासद देशांनी आयातकर क्रमाक्रमाने घटविले व २००५ मध्ये ते बहुतांशी उठविले. परंतु कर उठला म्हणजे वाट मोकळी झाली, असे नव्हे.

लेबनॉनचेच उदाहरण घ्यावे. त्याची इस्रायललगतची सरहद्द बंद. म्हणून त्याची फळे व भाजीपाला मालमोटारींतून सीरियामार्गे जॉर्डनमध्ये आणि तेथून आखाती देशांत जाई. २०११ मध्ये सीरियात उठाव झाला, त्यातून यादवी पेटली आणि एप्रिल २०१५ मध्ये सीरिया-जॉर्डन सीमेवरील नसीबचा नाका बंडखोरांच्या हाती पडून बंद झाला. तो उघडला ऑक्टोबर २०१८ मध्ये. दरम्यान माल समुद्रमार्गे धाडावा लागला. वेळ वाढला, भाडे वाढले. आणि नाशवंत मालास हे दोन्ही सोसत नाही. करारातले एक अक्षरही बदललेले नव्हते.

भांडवलाची चाल निराळी. त्यास रस्ता लागत नाही, शासनाचा निर्णय पुरतो. गाझात युद्ध चालू असतानाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अबू धाबीच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने इजिप्तमधील रास अल-हिकमा या किनाऱ्याच्या विकासासाठी ३५ अब्ज डॉलरांचा करार केला. त्यांपैकी ११ अब्ज या इजिप्तमध्ये आधीच ठेवलेल्या ठेवी होत्या. परकीय चलनाच्या टंचाईने गांजलेल्या इजिप्तला त्याने मोठा आधार मिळाला.

अशांततेच्या काळात धनिक शासन शेजारच्या शासनास असे सावरू शकते. बेका खोऱ्यातील शेतकऱ्यास मात्र उघडा नाकाच सावरतो.