पट्ट्या त्याच, घर वेगळं : मेजर आणि मायनरचं नातं

मागच्या व्याख्यानात आपण सप्तकातले बारा स्वर पाहिले. आज पाश्चात्त्य संगीतातले मेजर आणि मायनर यांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते समजून घेऊ.

सुरुवात आमच्याच एका फजितीने करू या. एका घरगुती बैठकीत आम्ही कीबोर्डवर साथीला बसलो होतो. गाणाऱ्या बाईंची चाल अनोळखी होती, पण सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर पडत होते. आम्ही मनात म्हटलं, पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सी मेजर, सोपं काम! प्रत्येक ओळीच्या शेवटी आम्ही सी मेजरची कॉर्ड धरत गेलो. दुसऱ्या ओळीनंतर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही मला घरी पोचूच देत नाही!" आम्ही चुकीची पट्टी एकही दाबली नव्हती. चुकलं होतं ते घर. त्यांचा सा होता पांढरी सहावर, आणि आम्ही त्यांना दर वेळी पांढरी एकवर ओढत होतो.

आता हे पेटीवर करून बघू. पांढरी एक सा धरून ओळीने पांढऱ्या पट्ट्या वाजवा. हा आपला बिलावल थाट, म्हणजेच मेजर. यात स्वरांमधली अंतरं अर्ध्या स्वरांत मोजली तर येतात : दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. आता एकही पट्टी न बदलता पांढरी सहापासून निघा आणि पुढच्या पांढरी सहापर्यंत जा. अंतरं झाली : दोन, एक, दोन, दोन, एक, दोन, दोन. माळ तीच, फक्त मोजायला सुरुवात दुसऱ्या मण्यापासून केली. पण कानाला काय ऐकू आलं? गंधार, धैवत आणि निषाद कोमल झाले. हा आपला आसावरी थाट, आणि तिकडचा नॅचरल मायनर. आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात ती हीच गोष्ट. भूपाचा धैवत सा मानला की धानीचे स्वर मिळतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी करून पाहिलं असेल.

म्हणजे प्रत्येक मेजरच्या पोटात एक मायनर असतो. मेजरचा धैवत हा त्याचा सा. सा-पासून खाली तीन अर्धे स्वर मोजा, की तो सापडतो. या जोडीला रिलेटिव्ह म्हणतात. सी मेजर आणि ए मायनर ही एक जोडी. पाश्चात्त्य स्वरलिपीत दोघांच्या सुरुवातीच्या खुणा सारख्याच असतात. त्यामुळे नुसत्या खुणा पाहून उत्तर अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं कानाने शोधायचं : चाल विसावते कुठे?

इथे एक अडचण येते. मायनरमध्ये निषाद कोमल, म्हणजे वरच्या सा-पासून दोन अर्धे स्वर लांब. शुद्ध निषाद सा-ला अगदी खेटून असतो, त्यामुळे तो सा-कडे झेपावतो. ती ओढ कोमल निषादात कमी पडते. म्हणून संगीतकार मायनरमध्ये, विशेषतः घरी परतताना, निषाद शुद्ध करतात. ए मायनरमध्ये पांढरी पाचऐवजी काळी चार येते. याला हार्मोनिक मायनर म्हणतात. त्याचे स्वर आपल्या कीरवाणीचे. तेव्हा चालीत मध्येच एखादी काळी पट्टी डोकावली तर लगेच चूक समजू नका. घर कुठे आहे, ते ती सांगत असते.

दुसरं नातं वेगळं आहे. त्यात सा हलवायचा नाही. पांढरी एकवरच राहा आणि ग, ध, नी कोमल करा. सी मेजरचा सी मायनर झाला. ही पॅरलल जोडी. थोडक्यात, रिलेटिव्हमध्ये स्वर तेच पण घर बदलतं, पॅरललमध्ये घर तेच पण स्वर बदलतात. बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी सी मायनरमध्ये सुरू होते आणि तिचा शेवटचा भाग सी मेजरमध्ये उजळतो, ते हे दुसरं नातं.

या नात्यांनी संगीतात काय साधतं, ते मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीत ऐका. ती १७८८ सालची, जी मायनरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी पाच. पहिल्या भागात अस्वस्थ अशी पहिली धून येते. मग दुसरी धून येते ती रिलेटिव्ह मेजरमध्ये, म्हणजे सा काळी पाच. बरोबर तीन अर्धे स्वर वर. खिडकी उघडल्यासारखं वाटतं. पुढे बऱ्याच उलथापालथीनंतर या दोन्ही धुना परत येतात. आपण त्या मोकळ्या हवेची वाट बघत असतो. पण या वेळी दुसरी धूनसुद्धा जी मायनरमध्येच येते. धून ओळखू येते, पण तिचा दिलासा गेलेला असतो. रिलेटिव्ह मेजरमध्ये ती आधी ऐकली होती, म्हणूनच आता ती इतकी लागते.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय : मग मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, असंच ना? ही ओळख सोयीची आहे, पण नियम नव्हे. कोमल गंधाराच्या काफीत होरी रंगते, तिला कोणी रडकी म्हणत नाही. लय, शब्द, चलन, सगळंच भाव ठरवतं. आणि थाटाचे स्वर जुळले म्हणजे राग जुळला, असंही नाही.

घरी जाऊन एवढंच करा. ओळखीची एक चाल घ्या. मंद्रात पांढरी एक दाबून ठेवून तिचा शेवट वाजवा, मग पांढरी सहा धरून तोच शेवट पुन्हा वाजवा. स्वर तेच, पण एकदा चाल बसेल आणि एकदा अधांतरी राहील. त्या संध्याकाळी कीबोर्डवर बसण्याआधी आम्ही एवढं केलं असतं, तर बाई घरी पोचल्या असत्या.