लग्नानंतर ‘फाफ्सा’ भरताना

अमेरिकेत सरकारी शैक्षणिक मदतीसाठी ‘फाफ्सा’ हा अर्ज भरावा लागतो. अर्जाच्या दिवशी विद्यार्थी विवाहित असेल, तर वय कितीही असो, त्याला ‘स्वतंत्र’ मानतात. आईवडिलांचं उत्पन्न विचारलंच जात नाही. मोजतात ते स्वतःचं आणि जोडीदाराचं. नुसता साखरपुडा झाला असेल, तर ते लग्न धरत नाहीत.

आकडे मात्र दोन वर्षांपूर्वीच्या करविवरणपत्रातले असतात, आणि खरी अडचण इथेच येते. तेव्हा दोघं कमावत होते, आता एकाने नोकरी सोडली, तरी कागदावर घर सधनच दिसतं. अशा वेळी गप्प बसू नका. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात पुराव्यासह जा. उत्पन्नाचा फेरविचार करण्याचा अधिकार त्यांना कायद्यानेच आहे.

ग्रीनकार्डधारक पात्र असतात. एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर ही मदत मिळत नाही. जोडीदार एच-१बीवर असल्याने तुमची पात्रता जात नाही, तेव्हा अर्ज जरूर करा.

‘पेल’ अनुदान (२०२५-२६साठी कमाल ७,३९५ डॉलर) सहसा फेडावं लागत नाही, पण ते पहिल्या पदवीपुरतंच. भारतातली बी.ए., बी.कॉम.ही सहसा त्यात धरतात; मग सरकारी कर्जाचा पर्याय उरतो.