मडक्यातला आकडा

दिवाळीनंतर आपल्या लाखांदूर भागात गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालते. धान कापणीची मजुरीही याच दिवसांत हातात येते. अशा वेळी सट्टापट्टीवर आकडा लावणाऱ्याला वाटते, 'आज आपले नशीब उघडणार!' नशीब बाजूला ठेवून आपण हिशेब करू या.

मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर पैजा लागत. ते बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने वरळीत आकड्यांचा खेळ सुरू केला. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून त्यांतून काढत, म्हणून त्याला 'मटका' म्हणू लागले. पुढे चिठ्ठ्यांऐवजी पत्ते आले, पण नाव तेच राहिले. हा खेळ कायद्याने गुन्हा आहे.

आकडे दहा आहेत. म्हणून तुमचा आकडा येण्याची शक्यता दहात एक. तो आला तर एका रुपयाला साधारण नऊ रुपये मिळतात. आता समजा, कोणी दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. मग तो हरणारच नाही, असे वाटते ना? पण त्याने लावले दहा आणि मिळाले नऊ. रोज एकच आकडा लावणाऱ्याचेही, पुष्कळ दिवसांच्या सरासरीने, रुपयामागे दहा पैसे जातात. हे दहा पैसे खेळाच्या रचनेतच कापलेले असतात.

मग काही लोक जिंकतात कसे? शंभर जण दहा दिवस खेळले, तर सुमारे पस्तीस जणांना एकदाही आकडा लागत नाही. काहींना मात्र दोन-तीनदा लागतो आणि गावात चर्चा त्यांचीच होते! 'सात बरेच दिवस आला नाही, आता येणारच,' असेही कोणी म्हणतो. पण मडक्याला काही आठवत नाही. उद्याही सात येण्याची शक्यता दहात एकच.

फ्रान्सचे गणिती पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये अर्धवट राहिलेल्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी, यावर एकमेकांना पत्रे लिहिली. त्यातूनच संभाव्यतेचे गणित वाढले. आज विम्याचे हप्ते त्याच गणिताने ठरतात.

तुम्हीही पैशांशिवाय पडताळून पाहा. डब्यात दहा चिठ्ठ्या टाका. एक आकडा मनात धरून शंभर वेळा चिठ्ठी काढा. दर वेळी ती परत टाका. वहीत 'लावले' आणि 'मिळाले' असे दोन रकाने करा. एखाद्याच्या वहीत फायदाही दिसेल. मग चाळीस मुलांच्या वह्यांची बेरीज करा: लावले ४,०००, मिळाले ३,६०० च्या आसपास.